उजव्या हाताची खुर्ची

१

दुपारची जेवणं उरकली की आमच्या मागच्या खोलीतून विमान सुटायचं.

मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. पाळी पहाटेची, त्यामुळे दुपारी घरी असतो. बायको शाळेत भूगोल शिकवते, ती संध्याकाळी येते. मधल्या वेळात घरात दोघंच, मी आणि माझे सासरे.

सासऱ्यांनी उभी हयात प्रवासी विमानं चालवण्यात घालवली. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना झटका आला. पाय वाचले, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. शब्द उरले दोन, 'हं' आणि 'छे'. त्यातला 'हं' ते फार काटकसरीने वापरत.

बरे होते तेव्हा मला 'जावईबापू' म्हणायचे. त्यातल्या 'बापू'वर असा काही दाब द्यायचे की आदर सोडून त्यात सगळं असायचं. "बाबा, तुम्ही माणसं वरखाली करता, मीही तेच करतो," असं मी एकदा जेवताना म्हणालो होतो. बायको खो खो हसली. सासऱ्यांनी पाणी मागितलं.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्या उजव्या हातात रबरी चेंडू द्यायच्या, सासरे तो घरंगळू द्यायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. शेवटी बाई मला बाहेर गाठून म्हणाल्या, "हात अजून मेलेला नाही. यांनीच त्याचं नाव टाकलंय. असं काहीतरी द्या, की त्या हाताला आपणहून पुढे यावंसं वाटेल."

म्हणून मी ऑफिसातून निकालात काढलेला एक संगणक आणला आणि त्यावर विमान चालवायचा एक खेळ घातला. सोबत आलेली नवी चकचकीत विमानं सासऱ्यांनी पाहिली. "छे." दुसरं दाखवलं. "छे." त्यांचं विमान जुन्या जातीचं, आता कुठेच उडत नाही. मग मी शोधाशोध केली. जगात असे खुळे लोक आहेत की जे नोकरी-संसार सांभाळून, वर्षानुवर्षं खपून, भंगारात गेलेली विमानं संगणकावर पुन्हा उभी करतात आणि फुकट वाटतात. सोबत एवढीच विनंती असते, की विकू नका आणि चूक सापडली तर कळवा. त्यात मला सासऱ्यांचं विमान सापडलं. वेग-उंची दाखवणारी अर्धी घड्याळं चालणारी, अर्धी नुसती चित्रं. उजवी, म्हणजे सहवैमानिकाची खुर्ची तर करड्या रंगाचा ठोकळाच होती.

पडद्यावर ती चालकाची खोली उघडली, तेव्हा सासरे बराच वेळ हलले नाहीत. मग त्यांनी डावा हात उचलला आणि पडद्यावरच्या एका घड्याळाच्या काचेवर टिचकी मारली.

"हं," म्हणाले.

२

मांडणी अशी होती. टेबलाच्या डाव्या अंगाला विमान वळवायची काठी, ती सासरे डाव्या हाताने धरत. मधोमध इंजिनांचा जोर कमीजास्त करायचा दांडा. आणि अगदी उजव्या टोकाला चाकांचा खटका. उजवा हात त्यांच्या मांडीवर पडलेला असे, धुऊन वाळत घातलेल्या मोज्यासारखा. म्हणून उजवीकडे एक लोखंडी घडीची खुर्ची टाकून मी बसायचो. दांडा माझा, खटका माझा. सासरे हनुवटी वर करत, मी चाकं वर घ्यायचो. हनुवटी खाली, चाकं खाली. लग्नानंतर इतक्या वर्षांत आमचा एवढा संवाद कधी झाला नव्हता.

एका दुपारी विमान उतरायच्या बेतात होतं आणि दाराची बेल वाजली. पाण्याचा मीटर बघायला माणूस आला होता. त्याला मीटर सापडेना, मग वाचता येईना, मग पेन चालेना. मी दारात उभा असतानाच मागच्या खोलीतून घरघराट ऐकू आला. विमानाची चाकं बाहेर येत होती.

मला वाटलं, हात हलला! मीटरवाल्याला तसाच सोडून मी धावलो.

सासऱ्यांचा डावा हात काठीवर होता. उजवा मांडीवर, होता तिथेच. आणि टेबलाच्या उजव्या टोकाचा खटका खाली पडलेला होता. डाव्या हाताने तिथवर पोचायचं तर माणूस खुर्चीतून कलंडलाच असता.

"बाबा, चाकं कुणी टाकली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हनुवटीने माझ्या खुर्चीकडे खूण केली. मला वाटलं, बस म्हणताहेत. बसलो.

खुर्ची गरम होती.

मीच मघापर्यंत तिथे बसलो होतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मीटरवाल्याने चांगलाच वेळ खाल्ला होता. लोखंड इतका वेळ ऊब धरून ठेवत नाही, आणि माझा जन्म लोखंडातच चाललाय.

३

मला रोज कुणी ना कुणी सांगतं, लिफ्ट आपोआप थांबली, दार आपोआप उघडलं. आपोआप काही होत नसतं. कुठेतरी तार सैल झालेली असते, नाहीतर उंदराने काहीतरी कुरतडलेलं असतं. मी खटका खोलून बघितला. तारा बघितल्या. खेळातल्या आपोआप चालणाऱ्या सगळ्या सोयी बंद केल्या. खुर्चीवर ऊन येतं का तेही बघितलं. खिडकी विरुद्ध बाजूला होती.

मग मी मुद्दाम उठून जायला लागलो. "चहा टाकतो," म्हणायचो आणि स्वयंपाकघरात कान टवकारून उभा राहायचो. इंजिनांची गुणगुण यायची. मध्येच सासऱ्यांचा खाकरा. एवढंच. दोन-तीन दुपारी काही झालं नाही. मला स्वतःचंच हसू आलं.

त्या खुर्चीला एक खोड होती. बसताना ती गप्प असायची, पण बसलेला माणूस पुढे वाकला की करकरायची. बायको म्हणायची, "तेल घाल तिला, लिफ्टवाल्याच्या घरात हे शोभत नाही." माझं राहून गेलं होतं.

चौथ्या की पाचव्या दुपारी मी चहा गाळत होतो. मागच्या खोलीत खुर्ची करकरली. लगेच खटक्याचा 'टक्' असा आवाज आला, आणि चाकांचा घरघराट सुरू झाला.

गाळणी हातात तशीच घेऊन मी दारात गेलो. खुर्ची रिकामी होती. सासरे समोर बघत होते आणि त्यांच्या तोंडाची वाकडी झालेली बाजू किंचित वर उचलली होती. झटका आल्यापासून पहिल्यांदाच ते हसत होते. गाळणीतून चहा माझ्या पायावर ठिबकत होता, ते मला नंतर कळलं.

४

ज्याने विमान बनवलं त्यालाच विचारावं म्हणून, विमान जिथे सापडलं त्या पानावर मी सासऱ्यांची हकिगत लिहून निरोप टाकला. चष्मेवाला एखादा पोरगा असेल असं वाटलं होतं. संगणकावर समोर आल्या त्या पांढऱ्या केसांच्या एक बाई. मागे कपडे धुण्याचं यंत्र गरगरत होतं.

"लोक स्वेटर विणतात, मी विमानं विणते," त्या म्हणाल्या. "बोला, काय उसवलं?"

मी चाचरतच विचारलं, "या विमानात उजवीकडचा चालक आहे का हो? म्हणजे, चाकं वगैरे स्वतःहून टाकणारा?"

"नाही. उजवी खुर्ची तर मी धड केलीसुद्धा नाही."

"कधीच नव्हता?"

"एक माणूस करायला घेतला होता. बाकी सगळा झाला, पण हात काही जमेनात. हात फार अवघड असतात. शेवटी कंटाळले आणि पुसून टाकला."

"मग तो कुठे गेला?"

"कुठे जाणार? पुसला म्हणजे पुसला." यंत्राचं गरगरणं थांबलं होतं. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. एक गृहस्थ होते, तुमच्या सासऱ्यांसारखेच, घरात पडून असलेले. म्हणाले, उजवीकडचा फार चांगला आहे, त्याला काढू नका."

"आणि आता कसे आहेत ते?"

"त्यांनी पुन्हा काही कळवलं नाही," बाई म्हणाल्या.

५

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे खुर्चीत बसायला गेलो, तर सासरे म्हणाले, "तिथं नको."

दोन शब्द. स्वच्छ. नाचावं की पळावं, मला कळेना. मी तसाच अर्धवट वाकलेला उभा राहिलो आणि मग दाराशी जाऊन जमिनीवर बसलो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, तर ती रडायलाच लागली. तिला शांत होऊ दिलं आणि मग उरलेलं सगळं सांगितलं. खुर्ची, खटका, त्या बाई.

"बाबांचा विमानातला कुणी जवळचा जोडीदार होता का गं? गेलेला वगैरे?"

"उजव्या खुर्चीत शेकड्यांनी माणसं बसली असतील. बाबांना एकाचंही नाव लक्षात राहायचं नाही. सगळ्यांना 'उजवीकडचा' म्हणायचे." तिने डोळे पुसले. "हे बघ, बाबा बोलायला लागलेत. तू उगाच खुसपट काढू नकोस."

मीही गप्प बसलो असतो. पण सासरे त्या एकाच खोलीत बोलत. बाहेर आले की तोंड मिटलेलं. ताटात घास तसेच राहायला लागले. जेवण अर्धं टाकून ते मागच्या खोलीत जाऊन बसत. आणि आता विमान लांब जायला लागलं होतं. आधी आम्ही या गावाहून त्या गावाला जायचो. आता ते उठायचं आणि सरळ समुद्रावर जायचं. पडद्यावर नुसतं पाणी. मी नकाशा उघडून बघितला, त्या दिशेला उतरायला काहीसुद्धा नव्हतं. इंधनाचा काटा खाली येत राहायचा. मग कधीतरी सासरे विमान वळवायचे. रोज कालच्यापेक्षा थोडं उशिरा.

इंधन संपलं तर काय होणार आहे? खेळ आहे, बटण दाबायचं, पुन्हा सुरू. हे मी स्वतःला दहादा सांगितलं. पण समुद्राकडे बघतानाचा सासऱ्यांचा चेहरा बघितला की ते पटत नसे. निरोप घेऊन झालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"बाबा, आज लवकर वळूया," मी एकदा दारातून म्हणालो.

त्यांनी उजवीकडे बघितलं, कुणाचं तरी मत घ्यावं तसं. मग मान हलवली. "छे."

६

त्या दिवशी एका इमारतीत लिफ्ट अडकली आणि मला घरी यायला उशीर झाला. उन्हं कलली होती. बायको अजून आलेली नव्हती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते आम्ही कधी लोटत नाही.

आतून सासऱ्यांचा आवाज येत होता. तुटक नाही, अडखळत नाही, पूर्वीचा. जेवणाच्या टेबलावर मला गप्प करणारा.

"पंखांच्या पट्ट्या?"

टक्.

"दिवे?"

टक्.

"इंधन?"

या वेळी काहीच वाजलं नाही. मग खुर्ची करकरली.

खोलीबाहेरच्या बोळातच घराच्या विजेचा मोठा खटका आहे. मी त्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने दार वीतभर ढकललं.

समोर पडदा. पाणी, आणि पार लांब, भुवईएवढी किनाऱ्याची रेघ. इंधनाचा काटा तळाशी आडवा झाला होता. दोन्ही खुर्च्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या, त्यामुळे मला मधलं टेबल तेवढं दिसत होतं. तिथे सासऱ्यांचा उजवा हात दांड्यावर होता.

आणि त्या हातावर आणखी एक हात होता.

करडा. स्वच्छ. त्याला नखं नव्हती. मनगटावर सुरकुती नव्हती, बोटांवर पेरं नव्हती, आणि मधली दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. घडवणाऱ्याचा धीर संपावा आणि त्याने तसंच सोडून द्यावं, असा हात. त्याच्या मागे बाही होती, आणि बाहीमागे खुर्चीची पाठ. त्यापुढे मी बघितलं नाही. दार आणखी वीतभर ढकललं असतं तर दिसलं असतं. नाही ढकललं.

पण तो हात ज्या पद्धतीने ठेवलेला होता, ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. पहिलीतल्या मुलाकडून अक्षर गिरवून घेताना आपण त्याची मूठ धरतो, तसा. तो दांडा हळूहळू पुढे लोटत होता. ओढत नव्हता, दामटत नव्हता. सासऱ्यांच्या हाताला आधी कळू देत होता आणि मग हलत होता.

हे मी पाहिलं, तरीही माझा हात खटक्यावरच होता. एक झटका, आणि सगळं बंद. त्या गृहस्थांनी पुन्हा काही कळवलं नव्हतं.

"थांब," सासरे म्हणाले.

ते वळले नाहीत. मला म्हणाले की त्याला, कोण जाणे. आम्ही दोघंही थांबलो.

पडद्यावरची रेघ जाड झाली. तिच्यात घरं दिसायला लागली, मग धावपट्टी. सासऱ्यांचा श्वास मला बोळात ऐकू येत होता.

"आता सोड," ते म्हणाले. "मी बघतो."

करडा हात उचलला गेला. पोहायला शिकवणारा पाण्यात जसा हात काढून घेतो पण लांब नेत नाही, तसा तो जरासा वर थांबला. खाली सासऱ्यांचा हात एकटा उरला. तो थरथरला. मग तर्जनी वळली, अंगठा वळला, आणि त्या हाताने, ज्याचं नाव टाकलेलं होतं त्या हाताने, दांडा मागे घेतला.

विमान आपटलं. उडालं. पुन्हा आपटलं आणि वाकडंतिकडं पळत धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबलं. इंजिनांची गुणगुण आपसूक विझली.

"धडाम!" सासरे मोठ्याने म्हणाले, आणि हसायला लागले. खांदे गदगदत होते.

खुर्ची करकरली. मग ती सरकल्याचा आवाज आला.

आमचा बोळ अरुंद आहे. समोरून कुणी आलं तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. मी चिकटलो. खटक्यावरचा हात काढून घेतला, पोट आत ओढलं आणि वाट दिली. का दिली ते विचारू नका. समोर कुणी नव्हतं. पण वाट मी दिली.

थोड्याच वेळात बायको बाहेरचं दार लोटून आत आली, दोन्ही हातांत वह्यांचा गठ्ठा. "दार उघडं कसं रे?"

"जिन्यात कुणी भेटलं?" मी विचारलं.

"हो, एकजण उतरत होता. वळणावर माझ्यासाठी थांबला बिचारा. का रे?"

"कसा होता?"

"मी कुठे बघितलं! वह्या सांभाळू का माणसं बघू?" तिने गठ्ठा खाली ठेवला आणि कान दिला. "आत कोण हसतंय?"

७

सासरे त्या रात्री पोटभर जेवले. उजव्या हाताने वाटी धरून ठेवली, तेवढंच. पण धरली. पुढच्या आठवड्यात व्यायामाच्या बाईंना त्यांनी पहिलं पूर्ण वाक्य ऐकवलं, "तुमचे हात फार गार असतात." बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी सगळ्या इमारतीला सांगितलं.

विमानं विणणाऱ्या बाईंना मी मुद्दाम कळवलं. बाबांचा हात हलला, म्हटलं. त्यांनी विचारलं, "आणि खुर्ची?"

"रिकामी आहे. आता मी बसतो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि मोठा श्वास सोडला. दोन-तीन दिवसांनी त्यांचा निरोप आला, की ते दुसरे गृहस्थ मुलीकडे राहायला गेलेत, फोन लागला. घरामागची बाग बघतात म्हणे. स्वतः खणतात.

एक गोष्ट मात्र मी बायकोला सांगितलेली नाही. सासऱ्यांच्या डाव्या तळहातावर रेषा ठसठशीत आहेत. उजव्यावर जवळजवळ नाहीतच. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, बरेच दिवस न वापरलेल्या हाताची कातडी अशी होते. असेल. मी तो हात हातात घेतो तेव्हा ऊबदार लागतो, आणि पकड घट्ट असते.

आता व्यायामाला आम्हीच दवाखान्यात जातो. मोठी उजेडाची खोली आहे, भिंतीशी बाकं, मधे टेबलं. मागच्या खेपेला तिथे एक बाई होत्या, शिवणकाम करणाऱ्या. झटका येऊन बरेच महिने झालेले, अजून तोंडातून शब्द नाही. त्यांच्यापुढे भोकं पाडलेली फळी होती आणि लाकडी खुंट्या. खुंटी बोटांतून गळली की त्या तिच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. त्यांची सून शेजारी बसून डोळे पुसत होती.

सासरे बराच वेळ बघत होते. मग उठले, एक स्टूल ओढत नेलं आणि बाईंच्या उजव्या बाजूला टाकून बसले. मी उठणार होतो, पण बसून राहिलो.

त्यांनी आपला उजवा हात बाईंच्या हातावर ठेवला. बाई दचकल्या.

"घाबरू नका," सासरे म्हणाले. "आपण दोघं मिळून लावू."

खुंटी उचलली गेली. फळीवर हळूहळू फिरत भोकाशी आली. बाईंचा अंगठा जरासा वळला. मी लांबून पाहिलं, तो त्यांचा त्यांनीच वळवला.

"आता मी सोडतो," सासरे म्हणाले.

"नको," बाई म्हणाल्या.

सुनेने मान वर केली. खोलीच्या टोकाला व्यायामाच्या बाई पाठमोऱ्या होत्या, त्या गर्रकन वळल्या.

"बरं," सासरे म्हणाले, आणि हात होता तिथेच ठेवून दुसरी खुंटी बाईंच्या बोटांत सरकवली. "आणखी एक लावू. मग बघू."